वयाचा रकाना

आधी हे लिहून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल:
त्याला परत पाठवणारी मीच होते.

दोमासीची शाळा, मागे झोंबाचा डोंगर,
सप्टेंबर, जॅकरांडा नुकता निळसर व्हायला लागलेला.
बाप बाजाराच्या तोंडाशी सायकली दुरुस्त करायचा.
हातांना वंगण, म्हणून जन्माचा दाखला
दोन नखांच्या टोकांत धरून आणलेला.
लिम्बानी. वय सहा. डोक्यावर लोकरीची टोपी.
टोपी काढ, म्हटलं.
जटा खाली आल्या, कानांपर्यंत,
स्वच्छ धुतलेल्या, चिंचेच्या कोवळ्या आकड्यांसारख्या.

कापून आणा, मग नाव घालते.
बाप म्हणाला, बाई, देवाला दिलेला शब्द आहे तो.
शब्द इथे मी शिकवते, मी म्हणाले.

(हे वाक्य मला तेव्हा आवडलं होतं.
घरी जाऊन बहिणीला सांगितलंही.)

नियम कुठे लिहिलाय, त्यानं विचारलं.
मी हेडमास्तरांकडे पाहिलं,
हेडमास्तरांनी भिंतीकडे.
भिंतीवर डासाचं चित्र होतं, मलेरियाचं.

माझ्या वर्गात तेव्हा एकशे बारा डोकी,
सगळी भादरलेली, मोजायला सोपी.
आणि माझ्या डोक्यावर
ब्लॅन्टायरच्या दुकानातून आणलेले केस, सरळ, काळेभोर,
कुठल्या दूरच्या बायकांचे कोण जाणे.
पुडक्यावर देवळाचं चित्र होतं.

कुणी विचारलं असतं तर छातीवर हात ठेवून सांगितलं असतं,
पोराच्या केसालाही धक्का लावला नाही.
फक्त दार लावलं.

सात वर्षं तो बापाच्या टपरीत दिसायचा.
चाकाच्या तारा मोजायचा, छत्तीस,
पुन्हा पहिल्यापासून.
एकदा पंक्चर घेऊन गेले.
उरलेले क्वाचा त्यानं हातावर ठेवले, बरोबर,
नोटा एकाच बाजूनं लावून.
कुणी शिकवलं, विचारावंसं वाटलं,
नाही विचारलं. सायकल काढली, निघाले.

मग निकाल आला.
मी उसिपा तळत होते, रेडिओ लावलेला.
कोर्ट म्हणत होतं, कुठल्याही सरकारी शाळेनं
डोक्यावर काय उगवलंय ते बघून
मुलाला दारात अडवायचं नाही.
तेल तडतडत होतं म्हणून अर्धं ऐकू आलं.
बाकीचं दोन महिन्यांनी पांढऱ्यावर काळं होऊन आलं,
सही, शिक्का, वर एक चहाचा डाग.

भिंतीवर ते परिपत्रक लावलं.
डासाच्या शेजारी.

सोमवारी तो दारात उभा राहिला
आणि माझा अख्खा वर्ग धडपडत उठला,
एका सुरात, गुड मॉर्निंग सर!
त्यांना वाटलं तपासणीचे साहेब आले.
तो मागे वळून बघायला लागला,
कोण सर आलेत ते.

निळी चड्डी मांड्यांत तटतटलेली.
जटा आता पाठीवर, दोऱ्यानं बांधलेल्या.
कुणी न सांगता तो सगळ्यात मागे जाऊन बसला,
कुणाचा फळा अडू नये म्हणून.
जमिनीवर, गुडघे हनुवटीला टेकलेले.
परिपत्रकात जटा आहेत, टोपी आहे, वेण्या आहेत,
ते गुडघे कुठे ठेवायचे, काही नाही.

मी फळ्यावर 'आ' काढला.
सहा वर्षांच्या पोरांनी गिरवला, त्यानंही गिरवला,
पाटीवर इतका दाबून की पेन्सिल मोडली.
शेजारच्या चिमुरडीनं आपली अर्धी तोडून दिली
आणि त्याची एक जट बोटांत धरून बघितली.
हिच्यात काय ठेवतोस, तिनं विचारलं.
काही नाही, तो म्हणाला. मग थोड्या वेळानं,
पाऊस पडला की जड होतात.

सुट्टीत हजेरीपट उघडला.
नाव लिहिलं, गाव लिहिलं.
वयाच्या रकान्यात माझ्या हातानं
आपोआप सहा लिहिलं गेलं.
खोडलं. तेरा लिहिलं.
खोडलेलं दिसतंय.
हेडमास्तर म्हणाले, नवं पान घ्या.
नाही घेतलं.